पावसाचे उचंत खाते

मी हवामान खात्यावर विनोद करीत नाही. विनोदी लेख लिहिणाऱ्या माणसाने असे जाहीर करणे म्हणजे वाण्याने 'आमच्याकडे साखर मिळत नाही' अशी पाटी लावण्यासारखे आहे. जूनचा पहिला आठवडा उजाडला की निम्म्या महाराष्ट्राला एकच विनोद सुचतो. खात्याने 'पाऊस' म्हटले की छत्री घरी ठेवावी, 'कोरडे' म्हटले की होडी काढावी, वगैरे. आमच्या बँकेत हा विनोद दरवर्षी ७ जूनच्या आसपास होतो आणि दरवर्षी तेच लोक त्याला हसतात. मी मात्र मान खाली घालून व्हाउचरे लावत बसतो. याला कारण आहे. ते माझ्याच अंगाशी आलेले असल्यामुळे मी ते शेवटी सांगणार आहे. तोपर्यंत थोडा इतिहास.

पण इतिहासाच्याही आधी थोडा हिशोब, कारण मी बी.कॉम. आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला, बाकीचे जग घरी चहा पीत असते तेव्हा, बँकेतला एक इसम नोटा पसरून तिसऱ्यांदा मोजत असतो. त्याच्या कपाळावरचा घाम पाहून त्याने बँक लुटली असावी असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा मेळ २७ रुपयांनी जमत नसतो. तो इसम मी. गेली दोन तपे मी हेच करीत आलो आहे. अशा न जुळणाऱ्या रकमेची कायमची व्यवस्था होईपर्यंत तिला तात्पुरते कुठेतरी बसवावे लागते. त्या जागेला इंग्रजीत सस्पेन्स अकाउंट म्हणतात. आमचे जुने मुनीम त्याला उचंत खाते म्हणत. उचंत खाते म्हणजे हिशोबनिसाने दिलेली लेखी कबुली: 'एवढ्या रकमेचे मला कळलेले नाही. कळले की सांगतो.' चाकानंतर माणसाने लावलेला हा दुसरा मोठा शोध आहे, असे माझे मत आहे. फक्त चाकाला जी प्रसिद्धी मिळाली ती याला मिळाली नाही.

आता पावसाकडे वळू.

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. मी पहिल्यांदा पुण्यात आलो तेव्हा रिक्षावाल्याला विचारले, "सिमला ऑफिस म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "सिमला ऑफिस म्हणजे सिमला ऑफिस." पुणेरी व्याख्या अशाच असतात: संपूर्ण बरोबर आणि संपूर्ण निरुपयोगी. पुढे कळले की १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून हे नाव. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले, पण पुणेकरांनी नाव बदलले नाही. एकदा घेतलेली नोंद पुणेकर सहसा खोडत नाहीत.

हे खाते निघाले १८७५ साली. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला एका चक्रीवादळाने झोडपले होते आणि १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला होता. खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. म्हणजे जमिनीखालचा माणूस आभाळावर नेमला. आमच्या बँकेत बदल्या याच तत्त्वावर होतात, त्यामुळे मला त्यात वावगे काही वाटत नाही. तो स्थिरस्थावर होतो न होतो तोच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे मेली. तेव्हा सरकारने ब्लॅनफर्डला तो प्रश्न विचारला, जो तोपर्यंत फक्त जोशीबुवांना विचारला जाई: यंदा पाऊस कसा आहे?

ब्लॅनफर्डने कागदपत्रे चाळली आणि त्याला एक धागा सापडला. ज्या वर्षी वसंतात हिमालयावर बर्फ जास्त, त्या वर्षी मैदानात पाऊस कमी. कारणही पटण्यासारखे होते. बर्फ वितळवण्यात आणि ओली जमीन सुकवण्यात उन्हाची ताकद खर्ची पडते, जमीन उशिरा तापते, आणि समुद्रावरचे वारे ओढून आणण्याची तिची शक्ती कमी पडते. १८८२ पासून त्याने चाचपडत अंदाज दिले. ते बरे उतरले. मग ४ जून १८८६ रोजी खात्याचा पहिला रीतसर मोसमी अंदाज निघाला.

विचार करा. विषुववृत्ताच्या पलीकडून निघालेले वारे, तापलेला समुद्र, सह्याद्री, हिमालय, कोट्यवधी ढग, आणि त्या सगळ्यांचा सारांश एका कलमात: बर्फ किती? मराठीत अशा सिद्धांताला ठोकताळा हा फार नेमका शब्द आहे. आधी ठोकायचे, मग ताळा पाहायचा. बहुतेक माणसे पहिल्या अर्ध्या शब्दावरच थांबतात. खात्याचे वेगळेपण एवढेच की दरवर्षी ३० सप्टेंबरला त्याचा ताळा चव्हाट्यावर होतो. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहने असतात. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस चांगला, कोल्हा आला तर बेताचाच. मला ती वाहने आवडतात. पण गेल्या वर्षीची म्हैस कुठे अडली, याचा खुलासा नव्या पंचांगात छापलेला मी अजून पाहिलेला नाही.

ब्लॅनफर्डनंतर जॉन एलियट आला. त्याने बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडच्या हवेच्या दाबाची कलमे घेतली. खाते भरगच्च दिसू लागले. आणि १८९९ साली त्याने नेहमीपेक्षा बऱ्या पावसाचा अंदाज दिला, तर देशात शतकातल्या अतिभयंकर दुष्काळांपैकी एक पडला. वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्ला. त्यानंतर काही वर्षे अंदाज जाहीर न करता सरकारी अधिकाऱ्यांपुरते गोपनीय ठेवण्यात आले. हाही उपाय मला ओळखीचा आहे. ताळा जमला नाही की वही कपाटात ठेवायची.

इथे एलियटच्या बाजूने दोन शब्द बोलले पाहिजेत. बँकेत चुकीची नोंद पडली तर उलट नोंद करता येते. जमेचे नावे, नावेचे जमा, खाली सही, मामला खतम. निसर्गाच्या कीर्दीत उलट नोंद नाही. पडलेला पाऊस ढगात परत जात नाही आणि गेलेला जुलै परत येत नाही. प्रयोगशाळेतला माणूस तोच प्रयोग दहा वेळा करून पाहतो. पण '१८९९ साल पुन्हा आणा, या खेपेला हिमालयावर थोडा कमी बर्फ टाकून बघू' असे एलियटला म्हणता येत नव्हते. मान्सून वर्षाला एकच व्हाउचर पाठवतो. शंभर वर्षे नोकरी केली तरी व्हाउचरे शंभरच. त्यात गोंगाट. सोमवारी सकाळी माझ्या काउंटरवर चाळीस माणसे एकदम बोलत असतात आणि त्यांतले एक आजोबा खालच्या आवाजात काही महत्त्वाचे सांगत असतात. ते आजोबा म्हणजे शास्त्रज्ञांना हवे असलेले कारण. बाकीचे एकोणचाळीस म्हणजे हवामान.

या गोंगाटात १९०३ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा गृहस्थ दाखल झाला आणि १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षे खात्याचा प्रमुख राहिला. हा हवामानशास्त्रज्ञ नव्हताच, गणिती होता. केंब्रिजच्या ज्या परीक्षेत आपले रँग्लर परांजपे १८९९ साली पहिल्या स्थानावर आले, त्याच परीक्षेत हा बरोबर दहा वर्षे आधी पहिला आला होता. (म्हणजे परांजपे पहिले आले आणि पाऊस नापास झाला, ते एकच साल.) वॉकरला बासरीत रस होता, आणि केंब्रिजच्या हिरवळीवर तो बूमरँग फेकीत असे, त्यावरून त्याला 'बूमरँग वॉकर' म्हणत. आयुष्यभर फेकलेली वस्तू परत आणण्याचा अभ्यास केलेला माणूस नेमका अशा खात्यावर आला, जिथे गेलेले काहीच परत येत नाही.

याच वॉकरने आणखी एक काम केले, ते कारकून या नात्याने मला नमूद केलेच पाहिजे. १९१३ च्या फेब्रुवारीत तो मद्रासला गेला असता त्याला पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या दाखवण्यात आल्या. वॉकरने त्या पाहिल्या आणि मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून या माणसाला संशोधनासाठी वेळ मिळवून द्या अशी शिफारस केली. त्याला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कारकुनाचे नाव श्रीनिवास रामानुजन. तेव्हापासून आमच्या शाखेत साहेब लोक तपासणीला आले की मी माझ्या खरडवह्या मुद्दाम टेबलावर उघड्या टाकतो. एकदा एका साहेबांनी एक वही निरखून पाहिली. म्हणाले, "बँकेची स्टेशनरी खासगी कामाला वापरू नका."

तर वॉकर. कारणे शोधण्याच्या भानगडीत न पडता त्याने जोड्या शोधायला घेतल्या. जगभरच्या ठाण्यांवरचे दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे गोळा केले आणि हाताखालच्या भारतीय कारकुनांना सहसंबंध काढायला बसवले. सहसंबंध म्हणजे दोन खात्यांतल्या रकमा वर्षानुवर्षे जोडीने चढतात-उतरतात का हे सांगणारा आकडा. जोडी पक्की असेल तर १, काहीच नाते नसेल तर ०, एक चढले की दुसरे हटकून उतरत असेल तर उणे १. हा आकडा आज यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत काढते. त्या कारकुनांनी तो कागद-पेन्सिलीने काढला, असंख्य वेळा. त्यांची नावे सहसा कुणी घेत नाही. ती घेतली जात नाहीत हे मला नवीन नाही.

१९०९ साली वॉकरने भारताच्या पावसाचे सूत्र मांडले. त्यात चार कलमे होती: हिमालयावरचा बर्फ, मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांजीबारचा पाऊस. आमच्याकडची बाजरी झांजीबारच्या पावसावर अवलंबून आहे हे ऐकून कुणीही हसेल. वॉकर हसला नाही, पण सावध मात्र होता. शंभर जोड्या तपासल्या तर चार-पाच नुसत्या योगायोगाने जुळलेल्या दिसणारच, ही गोष्ट त्याला पुरती ठाऊक होती. (पत्रिका जुळवणाऱ्यांनाही असावी, पण ते बोलत नाहीत.) म्हणून १९१४ साली त्याने खास निबंध लिहून, जुळलेली जोडी खरी कधी मानावी याची कसोटी सांगितली. ठोकता-ठोकता ताळ्याचा विचार करणारा हा पहिला माणूस.

या खटाटोपातून त्याच्या हाती मात्र भलतेच घबाड लागले. प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. पृथ्वीच्या पाठीवर कुणी प्रचंड तराजू टांगावा आणि त्याची पारडी वर-खाली होत राहावीत, तसे. १९२३-२४ मध्ये त्याने याचे वर्णन करून त्याला 'दक्षिणी आंदोलन' म्हटले. पुढे १९६० च्या दशकात याकोब ब्यर्कनेस याने प्रशांत महासागर तापण्याच्या एल निनो नावाच्या प्रकाराशी त्याची सांगड घातली आणि त्यातल्या वाऱ्यांच्या फेऱ्याला वॉकरचे नाव दिले. वॉकर निघाला होता माणूस शोधायला आणि सापडले सगळे गाव.

पण भारतीय पावसाचे सूत्र? ते हळूहळू सैल पडत गेले. एका पिढीत घट्ट वाटलेल्या जोड्या पुढच्या पिढीत फारकत घेऊ लागल्या. वॉकरनंतर काही वर्षांनी प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ साली मोकळेपणाने सांगितले की मान्सूनचे भाकीत करण्यापेक्षा मान्सूनवरून पुढे जगात इतरत्र काय होईल त्याचे भाकीत करणे सोपे आहे. आमचे एक मामा असेच होते. कधी येणार ते कुणालाही सांगता येत नसे. पण ते येऊन गेले की पुढचा महिना कसा जाणार हे घरातली लहान मुलेसुद्धा सांगत.

मग लोक म्हणाले, जोड्या नकोत, सरळ हवेचे गणितच मांडू. यंत्रे आली होती. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यंत्रावर एक छोटे, बारा कलमांचे कृत्रिम हवामान चालवीत होता. एक जुना हिशोब पुन्हा तपासायचा म्हणून त्याने मधलाच एक आकडा यंत्रात घातला. यंत्राच्या पोटात होते ०.५०६१२७, कागदावर छापले होते ०.५०६. त्याने कागदावरचे घातले आणि कॉफी प्यायला गेला. परत येऊन पाहतो तर नवे हवामान आधी जुन्याच्या पावलावर पाऊल टाकून चालले, मग जरा बिचकले, आणि पुढे असे भरकटले की दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध उरला नाही. यंत्र बिघडले नव्हते. फरक होता तो गाळलेल्या तीन आकड्यांचा. १९६३ साली त्याने हे रीतसर मांडले. मी वाचले तेव्हा रात्रभर झोप आली नाही. बँकेत आम्ही पैसे गाळून पूर्ण रुपया करतो, तेही राजरोस. त्या गाळलेल्या पैशांनी कुठे कुठे काय वादळे केली असतील!

म्हणजे सगळा खेळ संपला का? तर तसेही नाही. १९८१ साली ज्यूल चार्नी आणि आपले जगदीश शुक्ला यांनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. अमुक तारखेचा पाऊस महिनाभर आधी सांगता येणार नाही. पण उष्ण प्रदेशात सबंध मोसमाचा कल हा समुद्राचे तापमान, बर्फ, जमिनीतली ओल अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींच्या हातात बराचसा असतो, म्हणून तो थोडाफार सांगता यावा. हे बँकवाल्याला चटकन पटते. उद्या अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्यासमोर कोण उभे असेल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण पेन्शनच्या दिवशी रांग दारापर्यंत जाणार हे आमचा शिपाईही सांगतो. आणि एखाद्या पेन्शनच्या दिवशी शाखा ओस पडते, तेही खरे. कारण त्या दिवशी भारत-पाकिस्तान मॅच असते, आणि ते कलम शिपायाच्या सिद्धांतात नसते.

आता आपल्या माणसाकडे येऊ. वसंत गोवारीकर. अग्निबाणांच्या इंधनातून आभाळाच्या कारभारात आलेले मराठी शास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली सोळा कलमांचे सूत्र आणले. बर्फ, एल निनो, ठिकठिकाणचे दाब, तापमाने, वारे, सगळे त्यात आले. मराठी वृत्तपत्रांत तेव्हा क्रिकेटपटूंच्या बरोबरीने या सोळा घटकांची चर्चा होई. आणि सूत्र चालले! १९८८ पासून २००१ पर्यंत देशाचा एकूण पाऊस बहुतेक वर्षी साधारण सांगितल्याप्रमाणे पडला. १९९७ साली शतकातला जबरदस्त एल निनो आला, सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले, तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला.

फक्त एक बारीक शंका कुणाच्या फारशी ध्यानात आली नाही. त्या चौदा वर्षांत देशाचा पाऊस बहुतेक साली सरासरीच्या आसपासच होता. त्यामुळे डोळे मिटून दरवर्षी 'साधारण' म्हणणारा माणूसही जवळजवळ दर वेळी पास झाला असता. सूत्राची खरी परीक्षा वाईट वर्षी व्हायची होती. ते वर्ष आले २००२.

आणि इथे माझी गोष्ट सुरू होते.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. नेमणूक सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास, तोही मनात आले तर. दोहोंची सरासरी काढली तर फार सुंदर आकडा येतो, आणि तो जिल्ह्यातल्या कुठल्याच माणसाच्या उपयोगाचा नसतो. हे मला आज कळते. तेव्हा मला स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ६२ गुण होते.

मे महिना संपत आला, पीककर्जांची गडबड सुरू झाली. वर्तमानपत्रात अंदाज आला: देशात १०१ टक्के पाऊस. मी ते कात्रण काचेखाली लावले. इतकेच नव्हे, तर शाखेच्या दहा वर्षांच्या वसुलीचे आकडे आणि पावसाचे आकडे घेऊन एक आलेख काढला, त्यातून एक रेघ ओढली आणि यंदाची वसुली किती येणार याचे सूत्र मॅनेजरसाहेबांना सादर केले. साहेबांनी ते सावकाश पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. फाइलला लावा." त्या फाइलला पुढे वाळवी लागली. वाळवीचा निर्णय योग्यच होता.

आमच्याकडे एक म्हातारे शेतकरी येत. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे. मी त्यांच्या नातवाच्या वयाचा, तरी ते मला साहेब म्हणत. तीन एकर कोरडवाहू बाजरी. त्यांची एक रीत होती. मृगाचा पाऊस कितीही चांगला झाला तरी अर्ध्याच रानात पेरायचे आणि अर्धे बी घरात कणगीत ठेवायचे. त्या दिवशी कर्जाच्या कागदांवर अंगठा उमटवता उमटवता त्यांनी विचारले, "साहेब, औंदा पावसाचं काय म्हणत्यात?"

मी काचेखालच्या कात्रणावर बोट ठेवून म्हणालो, "आबा, एकशे एक टक्के!"

ते जरा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं हाय. त्यातलं माणला किती?"

"अहो, एकशे एक म्हणजे सगळीकडंच आलं की! यंदा बी राखून ठेवू नका. सगळं रान पेरून टाका."

एवढे मी बोललो. बी.कॉम. झालेला, शिकलेला माणूस बोलला, म्हणून आबांनी ऐकले.

जूनमध्ये पाऊस बरा झाला. बाजरी उगवून आली. मग जुलै लागला आणि आभाळ जे मिटले ते मिटलेच. रोज संध्याकाळी ढग येत, सह्याद्रीकडून आम्हाला बघून जात. त्या जुलैत सबंध देशातच सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. आबांच्या रानात हिरवी रेघ आधी पिवळी झाली, मग नाहीशी झाली. ऑगस्टात दोन सरी आल्या. दुबार पेरणी करता आली असती. पण कणगी रिकामी होती.

आबा शाखेत आले ते कर्जाचे बघायला. मी नजर चुकवत होतो. ते माझ्यासमोर बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि अगदी सरळ मनाने म्हणाले, "तुमचं एकशे एक खरं असंल साहेब. पर ते पडलं कुठं, तेवढं सांगा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

मोसमाच्या अखेरीस देशाचा ताळा लागला: १०१ च्या जागी ८१ टक्के. शाखेत त्या दिवशी हवामान खात्यावर विनोदांची नुसती झड लागली. मीही सुटलो म्हणून हसायला तोंड उघडले, आणि मिटले. कारण माझी चूक खात्याच्या नावे टाकता येत नव्हती. समजा देशात बरोबर १०१ टक्के पडला असता, तरी आबांच्या तीन एकरांबद्दल तो आकडा काहीच बोलत नव्हता. सबंध देशाच्या बेरजेवरून मी एका वावराची बाकी काढली होती. 'त्यातलं माणला किती' हा या सगळ्या सिद्धांताला विचारण्याजोगा एकमेव बरोबर प्रश्न होता. तो अंगठा लावणाऱ्याने विचारला आणि सही करणाऱ्याने उडवून लावला.

आणि ते कणगीतले अर्धे बी? आज मला वाटते, ते आबांचे उचंत खाते होते. पावसाबद्दल आपल्याला जे कळत नाही, त्याची तरतूद. तसा त्यांचाही सिद्धांत साधाच होता: मृग बरसला तर पेरावे. पण ताळा चुकेल हे धरून त्यांनी तो केला होता. ते खाते मी बंद करायला लावले, आणि त्याला उलट नोंद नव्हती. कर्जाचे पुनर्गठन झाले, म्हणजे आकडा तोच राहिला आणि तारीख बदलली. जळालेल्या बाजरीचे पुनर्गठन होत नाही.

हवामान खात्याने मात्र वही कपाटात ठेवली नाही. सोळा कलमांचे सूत्र बाजूला ठेवून २००३ साली आठ आणि दहा कलमांची नवी सूत्रे आणली. म्हणजे जास्त कलमे घातली की सिद्धांत जास्त शहाणा होतो, हा समज त्यांनी स्वतःच खोडला. पुढेही ते चुकले. २००९ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितले, पडला ७८. पण २०१५ साली एप्रिलमध्ये ९३ आणि जूनमध्ये सुधारून ८८ सांगितले, पडला ८६. मधल्या काळात समुद्र आणि हवा एकत्र चालवणारी मोठमोठी यंत्रे पुण्यात पाषाणला आली. तरीही अंदाजाच्या आकड्यापुढे 'चार-पाच टक्के अधिक किंवा उणे' असे लिहिलेले असते, आणि पाऊस कमी, साधारण, जास्त होण्याची शक्यता किती किती, तेही दिलेले असते. लोक हे वाचून हसतात: "म्हणजे काहीही होऊ शकतं, असंच ना?" मी हसत नाही. छापील कागदावर उचंत खाते दाखवायला छाती लागते.

२००३ च्या मेमध्ये आबा पुन्हा आले. कागदांवर अंगठा उमटवून झाल्यावर म्हणाले, "औंदा किती टक्के?"

मी आकडा सांगितला. मग म्हणालो, "आबा, हा सगळ्या देशाचा. चार-पाच टक्के इकडेतिकडे. आणि त्यातलं माणला किती, ते मला ठाऊक नाही."

आबा हसले. म्हणाले, "आता तुम्ही शिकला साहेब." त्या वर्षीही माणवर पाऊस रुसलाच. पण कणगीत अर्धे बी होते.

तर असे आहे. परवा सकाळी निघताना हिने विचारले, "आज पडेल का हो?" मी म्हणालो, "साठ टक्के शक्यता आहे." ही म्हणाली, "मी पडेल का विचारलं, मार्क किती विचारले नाहीत." मी मुकाट्याने छत्री घेतली. कणगी नसलेल्या मध्यमवर्गीयाला तेवढीच तरतूद करता येते. पाऊस पडला नाही. संध्याकाळी मेळ जमवण्याच्या नादात छत्री बसमध्ये राहिली. छत्री काही बूमरँग नव्हे. घरी आल्यावर हिने घरखर्चाची वही पुढे ओढली आणि पेन्सिल रोखून विचारले, "हे साडेतीनशे रुपये कुठल्या खात्यात टाकू?"

मी म्हणालो, "उचंत."